त्र्यंबकरावांचे नऊ पडदे

एका तालुक्याच्या गावी एक रुग्णालय होते, आणि त्या रुग्णालयाचा सर्व्हर त्र्यंबकराव पोतनीस सांभाळत. औषधांच्या नोंदी, रक्ताचे अहवाल, एक्स-रेची चित्रे, सगळे त्या सर्व्हरच्या एकाच वायरीतून ये-जा करी. त्र्यंबकराव माणूस सरळ, फक्त संशय घेण्याच्या बाबतीत जरा सढळ.

एकदा वायर तुंबू लागली. एक अहवाल उघडेपर्यंत चहा पिऊन होई. कोण जास्त ओढतो ते पाहावे, म्हणून त्र्यंबकरावांनी मोजणी बसवली. कोणत्या विभागाने किती बँडविड्थ, म्हणजे वायरीतली किती जागा, वापरली, त्याचा आलेख तयार झाला. एवढ्यावर थांबले तर ते त्र्यंबकराव कसले! लोकांना जरा लाज वाटावी म्हणून त्यांनी नऊ खोल्यांत संगणकाचे नऊ पडदे टांगले. दर सेकंदाला आलेखाचे नवे चित्र येई आणि जास्त वापरणाऱ्याचे नाव लाल दिसे.

लाल नाव रोज एकच. एक्स-रे विभागाच्या कुसुमताई वाघचौरे. एक्स-रेची चित्रे जडच असतात, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार? पण जेवणाच्या सुट्टीत कुजबुज सुरू झाली आणि कुसुमताई डबा एकट्याच खाऊ लागल्या.

गंमत अशी, की पडदे लागल्यापासून वायर आणखीच तुंबली. त्र्यंबकराव चक्रावले. त्यांनी सगळ्या विभागांची बेरीज केली. वायरीतून जे जात होते, त्याच्या निम्मीसुद्धा भरेना. पुन्हा केली, तरी तेच. मग उरलेले कोण गिळतो, भूत? त्यांनी डोके खाजवले, कुलदैवताला साकडे घातले आणि काहीच सुचेना म्हणून कुसुमताईंचा वाटा निम्म्यावर आणला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी चिंचेवरून पडलेला एक माणूस आला. मानेचा एक्स-रे शहरातल्या तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्याला हलवणे जिवावर बेतले असते, आणि चित्र काही जाईना. कुसुमताई धावत सर्व्हरच्या खोलीत आल्या.

"पोतनीस साहेब, माझा वाटा सोडा. माणूस तिथं पडलाय!"

त्र्यंबकरावांनी घाईघाईने वाटा सोडला. तरी चित्र गोगलगाईसारखे सरकत होते.

"आता काय राहिलं? मला तर काहीच कळेनासं झालंय," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

कुसुमताईंनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "यात सगळे आहेत. तुमचं नाव कुठाय?"

"माझं? अहो, मी तर मोजणारा!"

"मग हे नऊ पडदे सेकंदासेकंदाला चित्र मागतात, ते कोणाच्या वायरीतून येतं?"

त्र्यंबकरावांचा चेहरा खर्रकन उतरला. पहारेकऱ्याला काय मोजायचे, म्हणून त्यांनी स्वतःचाच वापर यादीतून वगळला होता. त्यांनी पडद्यांची जोडणी तोडली. नऊ पडदे काळे झाले आणि एक्स-रे झटक्यात गेला. लगेच तज्ज्ञांचा फोन आला, मान कशी धरायची ते त्यांनी सांगितले आणि माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी जेवणघरात एकच पडदा उरला होता, तोही दिवसातून एकदाच बदलणारा. पहिले नाव लाल होते: त्र्यंबक पोतनीस. त्याच्याखालून त्र्यंबकराव डबा घेऊन कुसुमताईंच्या टेबलाशी गेले.

"चुकलो, ताई. बसू का?"

"बसा," कुसुमताई म्हणाल्या. "पण माझ्या पोळ्या मोजू नका."

तात्पर्य: दुसऱ्यांची मोजदाद करायला बसणाऱ्याने यादीत पहिले नाव स्वतःचे लिहावे.