उपाशी ठेवलेला राजा

एका राज्यात उदयसेन नावाचा राजा होता, आणि त्या राज्यात राजाला नाही म्हणायची रीतच नव्हती. राजाने मागावे, दरबाराने आणून द्यावे. एकदा त्याच्या मनात आले, की नगराबाहेरचे तळे बुजवून तिथे हत्तींच्या झुंजी लावाव्यात. त्या तळ्यात कोई नावाचे रंगीत मासे होते, दूरदेशीच्या दर्यावर्दींनी कधीकाळी आणून सोडलेले. काठावर राहणाऱ्या घोरकेतू मांत्रिकाने येऊन विनवले, पण कोणी ऐकले नाही. तळे बुजले, मासे मेले, आणि घोरकेतू भर दरबारात येऊन उभा राहिला.

"राजा, ज्यांचे घर मोडलेस त्यांच्यातलाच एक हो. पुढच्या वसंतापर्यंत जगलास तर पुन्हा माणूस होशील. मेलास तर मासा म्हणूनच मरशील."

मांत्रिक निघून गेला आणि सिंहासनावर एक पांढरा मासा तडफडू लागला. त्याच्या पाठीवर तांबडे पट्टे होते. दरबारी एकमेकांची तोंडे पाहत बसले. राजकन्या इंदुलेखा तेवढी उठली, तिने बापाला पदरात घेतले आणि धावत जाऊन बागेतल्या कारंज्यात सोडले.

इंदुलेखेने जन्मात पोपटही पाळला नव्हता. पण पोरगी जिद्दीची. काम अंगावर घेतले की माघार ठाऊक नाही. तिने प्रशस्त संगमरवरी हौद बांधवला, घासूनपुसून लखलखीत केला, विहिरीचे ताजे पाणी भरले आणि बापाला त्यात सोडले. नवशिक्याला स्वच्छतेची हौस भारी. दुपार होते न होते तोच राजा कुशीवर कलला.

तेव्हा आंब्याच्या फांदीवरून एक खंड्या बोलू लागला. खंड्या म्हणजे मासे टिपून खाणारा पक्षी, म्हणून राजकन्येने आधी धनुष्य उचलले.

"मासेखाऊचा सल्ला मी का ऐकावा?"

"मासा कशाने मरतो, हे माझ्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे?"

धनुष्य खाली आले. खंड्या म्हणाला, तुला तीन गोष्टी कराव्या लागतील आणि तिन्हींपायी लोक तुला नावे ठेवतील. पहिली ही, की तू पाणी सांभाळ, मासा आपला आपण सांभाळेल. कोरे पाणी त्याला सोसत नाही, मुरलेले लागते. राजकन्येने देवराईतल्या जुन्या कुंडाचे हिरवट पाणी आणि शेवाळलेले दगड हौदात आणवले. महाराजांना चिखलात ठेवले, म्हणून सरदारांनी नाके मुरडली. महाराज मात्र सरळ झाले आणि पोहू लागले. त्यानंतर तिने पाणी बदलले ते थोडेथोडे करून, एकदम कधीच नाही.

मग शेजारच्या राजाने सोबतीला म्हणून सोनेरी मासे पाठवले. खंड्याने दुसरी गोष्ट सांगितली, की पाहुणा आधी ओसरीवर, मग माजघरात. राजकन्येने नवे मासे निराळ्या रांजणात ठेवले. प्रधानजी रागावले, नजराण्याचा असा अपमान केलात तर युद्ध होईल म्हणाले. थोड्याच दिवसांत त्या माशांच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके उठले, तेव्हा हे दुखणे महाराजांनाही जडले असते, या विचाराने प्रधानजींना रांजणाकडे बघवेना. खडेमिठाच्या पाण्यात ठेवून तिने तेही मासे बरे केले.

तिसरी गोष्ट कठीण होती. हिवाळा आला, पहाटे पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला, आणि खंड्या म्हणाला, आता घास बंद. थंडीत माशाच्या पोटातला अग्नी विझतो, खाल्लेले पचत नाही, आतच कुजते. थंडी सरून पाणी ऊबदार होईपर्यंत त्याला काही देऊ नकोस.

राज्यात हाहाकार झाला. जो तो लाडू, अनारसे, घीवर घेऊन हौदाकडे धावला. पोरीला गादी हवी आहे, म्हणून बापाला मारते आहे, अशी कुजबुज झाली. इंदुलेखा हौदाच्या पायरीवर बसून राहिली आणि एकेकाला परत पाठवत गेली. शेवटी राणी रत्नमाला आली. तिच्या हातात तिने स्वतः रांधलेला शिरा होता.

"आईची वाट अडवतेस?"

"तुमची नाही, आईसाहेब. ताटाची."

त्याच वेळी राजा वर आला आणि त्याने तोंड उघडले. मागत होता, यात शंका नव्हती. राणीला रडू कोसळले. इंदुलेखेच्या काळजाचेही पाणी झाले, पण तिने हौदात हात घातला आणि तसाच धरून ठेवला.

"पाणी गार आहे. आज नाही."

राणीने ताट खाली ठेवले आणि सांगितले, की हे वसंतापूर्वी गेले तर मला लेक नाही. राजकन्येने मान लववली, पण पायरी सोडली नाही.

थंडी सरली. पळस फुलला. एके सकाळी हौदाचे पाणी हलले आणि राजा उदयसेन पायऱ्या चढून वर आला, निथळत, रोडावलेला, पण धडधाकट. जयजयकार झाला. प्रधानजींनी पुढे होऊन सांगितले, की महाराज, राजकन्येने आपल्याला उपाशी ठेवले.

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "प्रत्येक ताटाकडे मी धावत होतो. एकही पोटात गेले असते, तर आज तुम्ही मला जाळत असता."

मग तो लेकीसमोर उभा राहिला. बुजवलेले तळे उकरण्याचा हुकूम त्याने नंतर दिला, राणीने लेकीला पोटाशी धरले तेही नंतर. आधी त्याने विचारले.

"बाळ, आता जेवू का?"

इंदुलेखेने बापाचा हात हातात घेतला. तो ऊबदार होता. तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

"जेवा, बाबा," ती म्हणाली.