ठकूबाईचं कुरण

माणदेशातल्या बोरखडी गावी माळोबा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची विधवा धनगरीण राहत असे. तिच्याजवळ होत्या दहा मेंढ्या आणि एक खडकाळ माळ. या माळाचं काय करू, असं तिने महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, "मारवेल गवताचे ठोंब लाव. दोन वर्षं जनावराचं तोंड लागू देऊ नकोस. मग जन्मभर कापशील."

ठकूबाईने ओढ्याकाठचे ठोंब आणून हातहात अंतरावर माळभर लावले. हैबतराव पाटील घोड्यावरून जाताना हसले. "गवत कुनी लावतं व्हय गं? उद्या दगडं पेरशील." त्यांच्यामागे सगळा गाव हसला. ठकूबाईने काटेरी कुंपण घालून माळ असा राखला, की स्वतःच्या मेंढ्याही कधी आत सोडल्या नाहीत. केवढी ही निष्ठा!

तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. गावातला कडबा संपला. हिरवं उरलं ते एकट्या ठकूबाईच्या माळावर. पाटलांचे खिल्लारी बैल बसले ते उठेनात, तेव्हा पाटील गावाची गुरं घेऊन कुंपणाशी आले. "सोड आत."

"गुरं आत येनार न्हाईत," ठकूबाई म्हणाली. "कापून न्या. सारा गाव न्या. पन बुडाशी चार बोटं ऱ्हाऊ द्या."

गवत आठच दिवस पुरेल, हे तिलाही दिसत होतं. मग गुरांचं काय, या धास्तीने ती महाराजांकडे धावली. महाराज म्हणाले, "तू आमचा शब्द राखलास. आता काळजी आमची."

माळाचे आठ पट्टे पाडले, रोज एक कापायचा. पाटलांच्या गड्यांनी मात्र आपला वाटा हावरटासारखा मातीपर्यंत खरवडून नेला. नवव्या सकाळी लोक येऊन पाहतात, तो पावसाचा थेंब नसताना पहिला पट्टा गुडघाभर वाढलेला! पाटलांच्या गड्यांनी खरवडलेला तुकडा तेवढा उघडाबोडका होता. पुढच्या पावसापर्यंत तो माळ असाच फुटत राहिला आणि गावातलं एकही जनावर दगावलं नाही.

पाटील महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आम्ही नुसतं सांगितलं. राखलं हिनं. तिकडं वाका."

भरल्या गावात पाटलांनी फेटा काढून ठकूबाईपुढे डोकं टेकवलं. तिचा ऊर अभिमानाने भरून आला. तिने मान ताठ ठेवूनच तो नमस्कार घेतला, कारण तो तिने कमावला होता.

"उठा, पाटील," ती म्हणाली. "उद्या गडी धाडू नका. इळा घिऊन सोता या. कापायचं कसं, ते दावते."

"येतो, बाई," पाटील म्हणाले.