शिवणाचा दोरा

एकदा एक गृहस्थ चैत्रातल्या दुपारी गळाची काठी खांद्यावर टाकून आपल्या गुरूच्या दारात उभा राहिला. गुरू म्हणजे तळ्याकाठी राहणारा एक वृद्ध मासेमार. गृहस्थाने उतारवयात त्याचे शिष्यत्व पत्करले होते, आणि बहुतेक नवशिक्यांप्रमाणे आपल्याला सारे येऊ लागले असा त्याचा समज झाला होता.

आज मात्र तो अस्वस्थ होता. "तात्या, पोरगा आलाय," तो म्हणाला. "दोन वर्षांनी. पिशवी उंबऱ्याशीच ठेवलीय, उद्या पहिल्या एसटीनं परत जातो म्हणतो. त्याला रोहू लई आवडतो, म्हणून मोठा मासा पाहिजे. आणि एकदा जेवायला बसला की विचारणारच आहे मी, कुठं होतास, काय दिवे लावलेस. आज सोडत नाही त्याला."

मुलगा शहरात दुकान टाकायला निघाला, तेव्हा या बापाने त्याला चारचौघांत वेड्यात काढले होते. तेव्हापासून मुलाचा साधा फोनही नव्हता. वृद्धाला हे सारे ठाऊक होते. आत जाऊन त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातले दोऱ्याचे रीळ आणले, शिष्याच्या काठीची जाड नायलॉनची दोरी सोडली आणि तिच्या जागी तो दोरा दुहेरी करून बांधला.

"याला बोटाएवढा मासासुद्धा तोडून जाईल," शिष्य वैतागला. "ही काय थट्टेची वेळ आहे का, तात्या?"

"चल तर खरं."

हिवाळाभर खोल पाण्यात दडलेले मासे या दिवसांत उथळाकडे येतात. वृद्ध पाण्यात पाय घालत काठाकाठाने चालला. जिथे पाणी कोमट लागले आणि बुडालेल्या बाभळीचे शेंडे वर दिसले, तिथे तो थांबला. शिष्याने कणकेची गोळी लावून गळ टाकला. थोड्या वेळाने दोऱ्याला बांधलेला तरंगा हलला आणि बुडाला. शिष्याने सवयीने हिसका दिला. दोरा तुटला. वृद्धाने नव्या गळासह दुसरा बांधला. तोही तसाच गेला.

तिसऱ्या वेळी शिष्य घाबरला. दोरा तुटला तर संध्याकाळ हातची जाणार होती. मासा लागला, पण शिष्याने ओढले नाही. मासा दूर निघाला की तो दोरा सैल सोडी आणि काठावरून त्याच्या मागे चालू लागे. मासा थबकला की दोरा हलकेच जवळ घेई. बराच वेळ हे चालले. अखेरीस एक चांगला थोराड रोहू दमून काठाशी आला, आणि वृद्धाने खाली जाळी धरून त्याला वर घेतले.

मग त्याने माशाचा ओठ शिष्याला दाखवला. गळ मऊ कातडीत जेमतेम अडकला होता.

"जाड दोरी असती, तर ती टिकली असती," वृद्ध म्हणाला. "हा ओठ फाटला असता. मासा गेला असता, आणि पुन्हा या काठाकडं फिरकला नसता. हातात जाड दोरी असली की माणसाला आपलंच बळ कळतं, पलीकडचा जीव कळत नाही. आज दोरा तुटायच्या भीतीनं का होईना, तुझ्या हातानं पलीकडचं ऐकलं. आणि मासा काठाला येतो तो उबेसाठी, तुला जाब द्यायला नाही."

शिष्याने माशाच्या ओठातून गळ अलगद सोडवला. "बापाची दोरी जाडच असते, तात्या," तो हळूच म्हणाला.

"म्हणून तर रीळ आणलं."

त्या संध्याकाळी रोहूचा रस्सा झाला. दृष्टांत फार ताणू नये, त्याचाही दोरा कच्चाच असतो. मासा रश्श्यात गेला, एवढे कबूल करून पुढे जावे. मुलगा खाली मान घालून जेवत होता. बाप नुसता बसून होता. विचारायचे सारे प्रश्न त्याच्या ओठांवर होते.

"काटे बघून खा," एवढेच तो म्हणाला.

मुलाने दुसऱ्यांदा रस्सा घेतला. मग ताटाकडे पाहतच म्हणाला, "दुकान बंद पडलं, आबा. वर्ष झालं."

'मी सांगत नव्हतो?' हे शब्द बापाच्या जिभेवर आले होते. ते त्याने तिथेच थांबवले. त्याचे डोळे भरून आले. "भात वाढ गं त्याला," तो बायकोला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी फाट्यावर आली, हॉर्न वाजवून निघून गेली. पिशवी उंबऱ्याशी नव्हती. ती आतल्या खुंटीवर होती, आणि ती तिथे कुणी अडकवली, हे बापाने विचारले नाही.