सावलीत वाळवलेल्या खपल्या

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो आणि मोठ्यांनो. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात वैद्यांची एक रीत होती. कुणी नवा उपचार शोधला, की तो दसऱ्याच्या सभेत सर्वांना सांगायचा. मग तो कुणीही वापरावा. मात्र वापरताना शोधणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यावे. उपचारात काही बदल केला, तर तो नवा ठरे आणि जुने नाव घ्यावे लागत नसे. ज्याचे नाव घरोघरी सर्वांत जास्त ऐकू येई, त्याला राजा आपल्या शेजारी बसवी.

हेरंब आणि मुकुंद एकाच गुरूचे शिष्य. हेरंब हुशार, मुकुंदही हुशार. पण ऐकू येई ते मुकुंदाचेच नाव. खोकल्यावर मुकुंद, भाजल्यावर मुकुंद. हेरंब भाजी आणायला बाजारात गेला, तरी कुठल्यातरी ओट्यावरून ते नाव कानावर येई आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा तर त्याच्या बायकोनेच लेकीला काढा पाजताना मुकुंदाचे नाव घेतले. त्या दिवशी हेरंब जेवला नाही. विचारले, तर पोटात दुखते म्हणाला. ते काही अगदीच खोटे नव्हते.

त्याने नाना खटपटी केल्या. एकाच काढ्याचे चार काढे करून तो सभेत चार वेळा उभा राहिला. शिष्यांना गल्लोगल्ली पाठवून आपलेच नाव घ्यायला लावले. लोक ऐकत आणि हसत.

मग एका दसऱ्याला मुकुंदाने फार मोठा शोध सांगितला. त्या राज्यात अधूनमधून तांबड्या तापाची साथ येई आणि घरेच्या घरे ओस पडत. मुकुंद म्हणाला, "हा ताप एकदा येऊन गेला, की पुन्हा येत नाही. पाहिलेल्या चोराला पहारेकरी ओळखतो, तसे शरीर त्याला ओळखते. म्हणून रोग्याच्या फोडांच्या खपल्या सावलीत वाळवाव्यात आणि त्यांची पूड निरोगी माणसाच्या दंडावर टोचावी. थोडी कणकण येईल. ती येऊ द्यावी."

सभा उठून उभी राहिली. हेरंबही राहिला. उपचार खरा आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळले होते, आणि तेच त्याला जाळत होते. आता राज्यातल्या प्रत्येक दंडावर याचेच नाव! टोचायचे, तर ते आपल्यालाही घ्यावे लागणार, आणि तेवढे मात्र त्याच्या तोंडून निघणार नव्हते.

त्याने पळवाट शोधली. खपल्या सावलीऐवजी कडक उन्हात वाळवल्या. झाला नवा उपचार! सावलीच का, हे मुकुंदाला एकदा विचारावे, असे त्याच्या मनात आले होते. पण मुकुंदाच्या दारात जायचे? त्यापेक्षा मेलेले बरे, असे म्हणून त्याने तो विचार झटकून टाकला.

लोकांना विश्वास वाटावा म्हणून त्याने सर्वांत आधी आपल्या लेकीला, गोदाला टोचले. तिला कणकणसुद्धा आली नाही. हेरंबाने दवंडीच पिटवली, की मुकुंदाच्या टोचण्याने ताप येतो, माझ्या टोचण्याने येत नाही. मग काय, ताप कुणाला हवा असतो? लोक त्याच्याकडे लोटले. पुढच्या दसऱ्याला आपला बदल सभेत सांगायचे त्याने टाळले, तरी घरोघरी त्याचेच नाव असल्याने तो राजाशेजारी बसला. खाली बसलेला मुकुंद पाहून त्याला जेवणातल्या पक्वान्नांची गरजच वाटली नाही.

हिवाळ्यात साथ आली. मुकुंदाने टोचलेली घरे वाचली. हेरंबाने टोचलेल्या घरांत माणसे अंथरुणाला खिळू लागली, आणि एका सकाळी गोदाच्या कपाळावर तांबडे फोड दिसले.

हेरंब अनवाणी धावत मुकुंदाकडे गेला. मुकुंद तसाच उठून आला. त्याने गोदाची नाडी पाहिली आणि मान खाली घातली.

"खपल्या उन्हात वाळवल्यास ना? उन्हाने त्यांच्यातला जोरच मरतो. शरीराने ओळखावे असे काही उरतच नाही."

"तुला कसे ठाऊक?"

"मीही आधी उन्हातच वाळवल्या होत्या. सगळी मेहनत फुकट गेली."

"मग सभेत सांगितले का नाहीस?"

मुकुंदाने गोदाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाला, "फसलेल्या उपचारासाठी कोण कुणाचे नाव घेतो, हेरंबा? मलाही तुझ्या पुढेच राहायचे होते. पण तू विचारले असतेस, तर सांगितले असते."

दोघांनी मिळून गोदाची सेवा केली. ती वाचली नाही.

पुढच्या दसऱ्याला हेरंब सभेत उभा राहिला. फसलेला उपचार सांगायला आजवर तिथे कुणीच उभे राहिले नव्हते. आपण काय केले आणि का केले, ते त्याने काही न लपवता सांगितले. शेवटी त्याने एकच मागणे मागितले, की हे विसरू नका.

लोक विसरले नाहीत. त्या राज्यात टोचायला येणारा प्रत्येक वैद्य आधी म्हणे, "सावलीत वाळवावे, मुकुंदाच्या नावाने." आणि लगेच पुढे म्हणे, "उन्हात वाळवू नये, हेरंबाच्या नावाने." घरोघरी, मुकुंदाइतकेच, हेरंबाचे नाव ऐकू येऊ लागले. ते कानावर आले, की हेरंब दार लावून घेई.

तात्पर्य: मत्सरापोटी खऱ्या ज्ञानाला बगल देऊ नये, त्याची किंमत आपल्याच माणसांना मोजावी लागते.