हैबतीबाबांचं घोंगडं

घोडे माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका मळ्यावर हैबतीबाबांच्या हाताखाली येसू घोडे राखायला शिकत होती. बाबा वारले आणि त्यांच्या चंद्री घोडीने दाणापाणी सोडलं. तिला धीर यावा म्हणून येसू बाबांचं घोंगडं पांघरून खरारा करू लागली. चंद्री घोंगडं हुंगायची आणि दाराकडे बघत राहायची.

"खा की गं. अशानं मरशील," येसू म्हणाली.

"घोंगडं आलंय, म्हणजे म्हाताराही येत असेल. तो आल्यावर खाईन."

येसूने घोंगडं उतरवून तिच्यापुढे ठेवलं. "बाबा आता येणार नाहीत," ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली.

चंद्रीने घोंगडं बराच वेळ हुंगलं. मग येसूचा खांदा हुंगला, आणि पाण्याला तोंड लावलं.