नट न काढता पट्टा

“पट्टा उद्या दुपारपर्यंत बदललाच पाहिजे. पण माझ्या ट्रॅक्टरचा एक जरी नट काढलास, तर नोकरी गेली म्हणून समज!”

भोकरदऱ्याच्या राजेसाहेबांनी हुकूम सोडला आणि ड्रायव्हर दौलतच्या तोंडचं पाणी पळालं. राज्य कधीच गेलं होतं, पण राजेसाहेबांचा हट्ट जागच्या जागी होता. जुन्या ट्रॅक्टरवर त्यांचा भारी जीव. मागे एका मिस्त्रीनं तो उघडला, पुन्हा जोडला, आणि तीन नट हातात उरले! तेव्हापासून नट काढायला सक्त मनाई.

इकडे पॉवर स्टेअरिंगचा पट्टा झिजून चिरला होता. बांधाशी वळताना किंचाळायचा, घसरायचा, आणि स्टेअरिंग दगडासारखं जड व्हायचं. दौलतची मनगटं सुजली होती.

घरी येऊन त्यानं बायकोपुढं नवा पट्टा टाकला. “वेणू, नट न काढता हा आत शिरणार कसा? मंत्र मारून?”

वेणू गावची पिठाची गिरणी चालवायची. तिनं पट्टा चाचपला, सरकारांचा हुकूम शब्दन्‌शब्द दोनदा वदवून घेतला आणि हसली. “उद्या मीच येते!”

सकाळी राजेसाहेब ट्रॅक्टरसमोर खुर्ची टाकूनच बसले. “बाई, अट ठाऊक आहे ना?”

“तोंडपाठ आहे, सरकार! नट काढायचा नाही.”

वेणूनं स्टेअरिंगच्या पंपाच्या दोन नटांना पान्हा लावला, फिरवला...

“थांब!” राजेसाहेब कडाडले. “नट काढलास!”

“कुठं काढला? बघा की, दोन्ही जागेवर आहेत!”

राजेसाहेबांनी चष्मा लावला, वाकून बोटानं चाचपलं. खरंच जागेवर होते, नुसते सैल! ते गुरगुरत परत खुर्चीत बसले.

वेणूनं पंप इंजिनाकडे सरकवला. पट्टा ढिला पडला, अलगद पुलीवरून उतरला, त्याच्या जागी नवा चढला. मग दांडक्याची तरफ लावून तिनं पंप बाहेर ताणून धरला आणि दौलतनं नट आवळले. तिनं अंगठ्यानं पट्टा दाबला. अर्धं बोट दबला. “बास! करा सुरू!”

दौलतनं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तेही एका हातानं. किंचाळणं नाही की घसरणं नाही!

“हे तुला शिकवलं कुणी?” राजेसाहेबांनी विचारलं.

“गिरणीनं! पट्टा बदलायला मी मोटर सरकवते, उपटून काढत नाही.”

“पण माझ्या हुकुमाला तू बगल दिलीस!”

“छे, सरकार! ‘काढू नको’ एवढाच हुकूम होता. ‘सैल करू नको’ म्हणाला असता, तर मी आज मुकाट्यानं ज्वारी दळत बसले असते!”

 राजेसाहेब असे खदखदून हसले, की चष्मा नाकावरून घसरला!

“दौलत, तुझी नोकरी पक्की! आणि आजपासून पान्ह्यांची पेटी हिच्या ताब्यात. हिला विचारल्याशिवाय मीसुद्धा नटाला हात लावणार नाही!”

तोवर खिडकीतून सगळं बघणाऱ्या त्यांच्या राणीसाहेब बक्षिसाची जरीकाठी साडी घेऊन स्वतः बाहेर आल्या. वेणूनं काळे हात पदराला पुसले आणि साडी घेतली.