मानाची पहिली टोपली

निंबगावची बारव गाळानं भरली, पण गाव काही हलेना. शेवटी गोजराबाई कुंभारीण एकटीच टोपली घेऊन आत उतरली.

थोरल्या पातीचे पाटील काठावरून हसले. भाऊबंदांच्या धाकट्या पातीशी त्यांचं मानावरून पिढीजात वाकडं. म्हणाले, "एकटी बाई बारव उपसणार होय गं?"

"छे हो पाटील! पोळ्याला पहिला बैल तुमचा, होळीला पहिली पोळी तुमची. म्हणून हळदकुंकू वाहून पहिली टोपली तुमच्यासाठीच भरून ठेवलीय. तुम्हाला जमत नसेल, तर धाकट्या पातीला सांगावा धाडते."

पाटील धोतर खोचून धडाधडा पायऱ्या उतरले. मागोमाग अख्खं गाव उतरलं.

गोजराबाई पायरीवर टेकली. "पोळ्याला यांचा बैलसुद्धा एवढा पळत नाही!"